आगोटीचे अंगण

'आगोट' हा शब्द मी दरवर्षी एकदा तरी वर्गातल्या फळ्यावर लिहितो. पुण्यातली मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. एखादे पोर कोकणातले निघते, ते गालातल्या गालात हसते. त्याच्या डोळ्यांपुढे सुक्या मासळीचा बाजार, पडवीत रचलेली लाकडे आणि आईची उडालेली धांदल उभी राहिलेली असते. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. कोणी आगोठ असेही म्हणतात. पाऊस अजून आलेला नाही, पण तो आता आलाच असे धरून घरातले लहानथोर कामाला जुंपले गेले आहे, असे जे वैशाखाच्या उतरणीचे पंधरावीस दिवस, त्यांना कोकणाने हे खास नाव देऊन ठेवले आहे. देशावरच्या शेतकऱ्याला या दिवसांत एकच घोर असतो, पाऊस येईल ना? कोकणातल्या माणसाला तो घोर सहसा नसतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर जिथे पडतो तिथे तो येणार हे ठरलेलेच. तिथला घोर निराळा : तो येण्यापूर्वी आपले आवरेल ना?

आणि हे आवरणे बहुतेक सारे अंगणात चालते.

माझ्या काकूचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात आहे. कोल्हापूरकडून अणुस्कुरा घाट उतरला की हवा एकदम अंगाला चिकटू लागते, आणि रस्त्याच्या कडेचा दगड काळ्याचा तांबडा होतो. तिथून पुढे एस. टी., मग रिक्षा, आणि शेवटी गडग्यांच्या मधून जाणारी एक पाणंद. काका जाऊन नऊ वर्षे झाली. मुलगा, म्हणजे आमचा दादा, ठाण्याला नोकरीत आहे. काकू 76 वर्षांची, एकटी राहते. परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पोचते केले की मे महिन्यात मी तिच्याकडे जातो. 2025 साली मी गेलो तो मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि परतलो जूनच्या 2 तारखेला. त्या चार आठवड्यांत जे पाहिले, ते लिहायचे आहे.

प्रथम अंगण कसे आहे ते सांगितले पाहिजे, कारण शहरातल्या वाचकाला अंगण म्हटले की चित्रातले चौकोनी, रांगोळी घातलेले अंगण आठवते. काकूचे अंगण चौकोनी नाही. पूर्वेकडे ते रुंद आहे आणि पश्चिमेला विहिरीच्या वाटेकडे निमुळते होत जाते. एका बाजूला पडवीची पायरी, दुसऱ्या बाजूला जांभ्याचा गडगा, मधोमध नव्हे तर जरा कडेला तुळशीवृंदावन. गडग्यापलीकडे दोन रातांब्याची झाडे, एक रायवळ आंबा, एक फणस. जमीन मातीची. पावसाळ्यात या अंगणाचा चिखल होतो, गवत माजते, शेवाळ धरते. पाऊस सरला की ते खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून पुन्हा नवे करायचे, तुळशीच्या लग्नाच्या आत सारवायचे. मग त्यावर चिव्यांचा मांडव घालून वर नारळीच्या झावळ्या पसरायच्या. म्हणजे कोकणातले अंगण दरसाल जन्माला येते आणि दरसाल मरते. त्याचे आयुष्य कार्तिकापासून वैशाखापर्यंत.

आता असे अंगण पाहायचे तर शोधावे लागते. काकूच्या वाडीत तेरा घरे आहेत. त्यांतल्या चारांनी अंगणावर पत्र्याची शेड उभी केली आहे, तिघांनी रंगीत पेव्हर ब्लॉक बसवले आहेत, दोघांनी कोबा घातला आहे. दोन घरांना कुलूप आहे; तिथे अंगण नाही, रान आहे. उरलेल्या दोन मातीच्या अंगणांतले एक काकूचे. याचे कारण समजायला अवघड नाही. सारवायला शेण लागते, शेणाला गुरे लागतात, गुरांना माणूस लागतो, आणि माणूस मुंबईला असतो.

या आगोटीच्या दिवसांत अंगणात होणारे बदल फार बारीक असतात. पहिला बदल तर असा आहे की तो मुद्दाम पाहिल्याखेरीज दिसतच नाही : सावली बाजू बदलते. आपण शाळेत शिकलेलो असतो की दुपारची सावली उत्तरेला पडते. राजापूरच्या अक्षांशावर मेच्या 6-7 तारखेच्या सुमारास, दुपारी साडेबाराला, सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि वृंदावनाची सावली वृंदावनाच्याच पायाखाली नाहीशी होते. पुण्याला हाच दिवस आठवडाभर उशिरा, मुंबईला त्याहून एकदोन दिवस मागाहून. त्यानंतर सूर्य आपल्या उत्तरेला सरकतो आणि भर दुपारची सावली दक्षिणेला पडू लागते. ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तशीच. अर्थात मध्ये ढग असतात म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. काकूला 'शून्य सावली' हा शब्द माहीत नाही. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिने वाळवणाची सुपे वृंदावनाच्या दक्षिणेकडून उचलून उत्तरेकडे नेली. मी विचारले, तर म्हणाली, "इकडे सावली येते आता."

दुसरा बदल वाऱ्याचा. सकाळी वारा नसतोच. दुपारी तीनच्या पुढे पश्चिमेकडून येतो तो ओलसर, आणि दोरीवरचे कपडे वाळता वाळता थांबतात. पापड डब्यात घालावे तर कडेने लवचिक लागतात. मिठाच्या बरणीत चमचा अडकतो. रात्री फार शांत असले की समुद्राची गाज ऐकू येते, आणि ती कोणत्या दिशेने येते यावरून काकू पावसाचा अंदाज बांधते. तो नेहमी खरा ठरतो असे मी म्हणणार नाही. पण हवामान खात्याचाही ठरत नाही, आणि काकू निदान अंदाज बदलल्याबद्दल कारणे देत बसत नाही.

झाडाफुलांत या दिवसांचा मानकरी भुईचाफा. वृंदावनाच्या भोवती, सारवलेल्या जमिनीला जिथे भेगा पडतात तिथे, एके दिवशी सकाळी जमिनीतून फूलच वर येते. पान नाही, देठ जवळजवळ नाही. पांढऱ्या पाकळ्या, एकीवर जांभळा शिडकावा, आणि वास असा की खाली वाकल्यावाचून कळत नाही. उन्हे वर आली की फूल मलूल होते. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरे. पाने येतात ती पाऊस पडल्यावर, आणि पाने आली की हा फुलांचा कंद असेल असे कोणाला सांगूनही खरे वाटत नाही, कारण ती हळदीसारखी दिसतात. हे कंद काकूच्या सासूबाईंनी लावले. म्हणजे दरवर्षी वैशाखात, त्या बाईला जाऊन चाळीस वर्षे होऊन गेल्यावरही, तिचे फूल अंगणात येते. काकू ते तोडत नाही. झाडून काढताना तेवढी जागा सोडून केरसुणी फिरवते.

पक्ष्यांचे म्हणाल तर दयाळ पहाटे साडेचारपासून मांडवाच्या खांबावर बसून गात असतो. त्याच्या मागून पावशा. पावशाच्या ओरडण्यात कोणी 'पेरते व्हा' ऐकतो. उत्तरेत त्याच हाकेत 'पी कहाँ' ऐकतात, आणि इंग्रजांनी तर त्याला तापातल्या रोग्याची बडबड ठरवून टाकले. पक्षी एकच. शेतकऱ्याला त्यात पेरणी ऐकू येते, विरहिणीला प्रियकर आणि उकाड्याने हैराण झालेल्या साहेबाला ताप. भाषेच्या प्राध्यापकाला एवढे उदाहरण पुष्कळ झाले. कावळ्यांनी रायवळ आंब्यावर घरटे बांधले होते. ते शेंड्याला आहे की मधल्या बेचक्यात, यावरून पाऊस किती पडणार हे ठरते अशी समजूत आहे. काकूकडे कामाला येणारे भाऊ (वय साठीचे, सारी वाडी त्यांना भाऊच म्हणते) घरट्याकडे बघून म्हणाले, "यंदा खाली बांधलान. वाऱ्याचा पाऊस हाय."

विहीर रोज थोडी थोडी खाली जात होती. जांभा दगड म्हणजे स्पंजच. पाऊस कितीही पडो, तो पोटात ठेवत नाही, समुद्राला देऊन मोकळा होतो. म्हणून तर तीन हजार मिलिमीटरच्या प्रदेशात मेमध्ये टँकर फिरतो. काकूच्या विहिरीत आतल्या बाजूला एक कोनाडा आहे. तो उघडा पडला की आंघोळीचे पाणी अर्धे करायचे, असा घरातला दंडक. 14 मेला कोनाडा दिसला. त्या दिवसापासून मलाही एकच बादली.

आता रातांब्यांकडे यायला हवे. कारण या अंगणाचे खरे काम तेच. मुंबईपुण्याच्या पुष्कळ घरांत आमसूल येते ते पुडीत. ते कसे होते हे ठाऊक नसल्यामुळे त्याची किंमत जास्त वाटते. रातांबा पिकून लाल झाला की काढायचा किंवा खाली पडलेला वेचायचा. फोडून आतला गर आणि बिया निराळ्या करायच्या. साली उन्हात घालायच्या. गराच्या रसात मीठ घालून त्यात त्या साली बुडवायच्या, पुन्हा उन्हात घालायच्या. पुन्हा रस, पुन्हा ऊन. याला पूट देणे म्हणतात. अशी पाचसात पुटे बसली म्हणजे साल काळपट, मऊ, चिवट होते, आणि मग ते आमसूल. काकूच्या भाषेत 'सोल'. बिया वाळवून त्यांचे तेल निघते; ते थिजते आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. खारवलेला रस म्हणजे आगळ. फळाचे टाकाऊ असे काही उरत नाही. पण या साऱ्या व्यवहाराला एकच भांडवल लागते, आणि ते म्हणजे ऊन. पूट देऊन साली बाहेर घातल्या आणि दोन दिवस ऊन पडले नाही, तर त्यांना बुरशी येते आणि सारे फुकट जाते.

गंमत अशी, की हे झाड उन्हाची एवढी गरज असलेले फळ अगदी पावसाच्या तोंडावर देते. एप्रिलअखेरपासून पिकायला लागते, आणि पुष्कळशी फळे पिकतात ती मे संपता संपता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' नावाची जात काढली ती मुख्यतः याचसाठी, की तिची फळे पावसाआधी हाती लागावीत. काकूची दोन्ही झाडे जुनी, आपोआप उगवलेली. एक लवकरचे, एक उशिराचे. तिसरे एक होते, ते नर निघाले. रातांब्यात नरमादी झाडे निराळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहासात वर्षे, कळत नाही. "सात वर्षं पाणी घातलं मेल्याला," काकू त्या बुंध्याकडे बोट दाखवून म्हणते.

सोले विकून येणारा पैसा फार नाही. पण तो काकूचा स्वतःचा आहे. दादा दरमहा पाठवतो त्याला ती हात लावते तो औषधांसाठी. घराची कौले मात्र ती सोलांच्या पैशांतून परतून घेते. भाऊ आणि त्यांचा मुलगा दोन दिवस घरावर चढतात, फुटकी कौले काढतात, नवी सरकवतात. हे काम दरवर्षी मेअखेरीस व्हायचे. सोले आधी, कौले मागून, असा तिचा हिशेब बसलेला. हा हिशेब जोपर्यंत बसतो आहे तोपर्यंत तिला ठाण्याला चल म्हणायला दादाकडेही सबळ कारण नसते.

दादा आला 17 मेला, आणि त्याच्या पाठोपाठ टेंपोतून सिमेंटची पंधरा पोती आली.

अंगणाला कोबा घालायचा हे त्याने ठरवले होते. गवंडी 22 तारखेला यायचा होता. आदल्या पावसाळ्यात काकू शेवाळावरून घसरली होती. हाड मोडले नाही एवढेच. रात्रीच्या जेवणानंतर पडवीत बसून दादाने मला सारे समजावून सांगितले, जणू मीच विरोधी पक्ष आहे. माझ्या पुण्यातल्या एका स्नेह्यांचे म्हणणे होते, की अंगणाला कोबा घातला म्हणजे पाणी जमिनीत मुरत नाही आणि विहीर लवकर आटते. ते मी सांगितले. यावर काकू आतून ताटे घासता घासता म्हणाली, "अंगणातलं पाणी विहिरीत कुठे जातं रे? उतार बघ की. ते पाणंदीला जातं. विहिरीला पाणी वरच्या सड्यावरून येतं."

मग हात पुसत बाहेर आली. "आणि सारवायचं कोणी? शेण आता भाऊ लांबून आणून देतात, तेही आठवड्याला एक पाटी. माझे गुडघे नाही वाकत. कोबा घाला. पण सोलं आत गेल्याशिवाय अंगणाला हात लावायचा नाही."

"तुळशीपाशी?" मी विचारले.

तिने जरा वेळाने उत्तर दिले. "तेच बघायचंय. भुईचाफा निघेल काय रे काढून? आता फुलावर आहे. आता हलवला तर जगेल असं वाटत नाही."

दादाला भुईचाफ्याचा प्रश्न नवा होता. तो सिमेंट, रेती आणि गवंड्याची मजुरी यांचा हिशेब करून आला होता. त्यात कंद नव्हते. तो चांगला मुलगा आहे. आई घसरून पडेल या काळजीने ठाण्यात रात्री जागणारा माणूस कोब्याविषयी भावनेने बोलणार नाही, हे मला कळते. आपण शहरात राहून मातीच्या अंगणावर लेख लिहितो. त्याला ते पुसावे लागते.

18 आणि 19 तारखा फार उकाड्याच्या गेल्या. मुंग्या पडवीच्या भिंतीवरून पांढरी अंडी तोंडात धरून वर चालल्या होत्या. काकूने त्या पाहिल्या, आणि मला म्हणाली, "मांडव उतरवू या." मी म्हटले, रोहिणी लागायलाही अजून पाच दिवस आहेत. सूर्य कृत्तिकेत, मृग 8 जूनच्या सुमारास. पंचांग तिनेच मला लहानपणी शिकवले. ती म्हणाली, "मुंग्या काय पंचांग बघतात?"

20 मेला दुपारी पाऊस आला.

वळवाचा पाऊस कोकणातही येतो. तो गडगडत येतो, तासाभरात धिंगाणा घालतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी ऊन अधिकच कडक पडते. म्हणून पहिल्या सरीला कोणी फारसे मनावर घेतले नाही. अंगणात तेव्हा उशिराच्या झाडाच्या साली चौथ्या पुटावर होत्या. आम्ही तिघांनी सुपे, ताडपत्री, चटया जे मिळेल ते धरून पडवीत ओढले. भाऊ धावत आले आणि मांडवावरच्या झावळ्या खाली ओढू लागले, कारण भिजलेल्या झावळ्यांच्या वजनाने चिवे वाकत होते. पण हा पाऊस थांबला नाही. दुसऱ्या दिवशी होता, तिसऱ्या दिवशी होता. त्याला वळवाचा माज नव्हता. आषाढातल्यासारखा तो एका लयीत पडत होता. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले होते. ते 24 तारखेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर चढले. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचल्याचे जाहीर झाले, नेहमीच्या तारखेपेक्षा आठ दिवस आधी. दुसऱ्या दिवशी तो कोकणात, 26 तारखेला मुंबईत. मुंबईत तर नेहमीची तारीख 11 जून. पाऊणशे वर्षांत तो इतक्या लवकर तिथे आला नव्हता. वर्तमानपत्रांनी याच्या मोठ्या बातम्या दिल्या. पुण्याहून मित्रांचे फोन आले, काय मजा आहे तुझी, कोकणात पाऊस बघतो आहेस!

मजा अशी होती. पडवीत दोन दोऱ्या बांधून त्यांवर चटया टांगल्या होत्या आणि चटयांवर रातांब्याच्या साली. माजघरात साली, ओटीवर साली. न्हाणीच्या चुलवणावर भाऊंनी चिव्यांची ताटी उभी केली आणि तिच्यावर साली पसरून खाली रात्रंदिवस धग ठेवली. लाकडे ओली, म्हणून धूर. पहिल्या रात्री काकू, दादा आणि मी आळीपाळीने जागलो. दोनदोन तासांनी साली उलटायच्या, बुरशीची दिसेल ती वेचून टाकायची. ठाण्याच्या कचेरीत हाताखाली माणसे असलेला दादा डोळे चोळत सालीमागून साल उलटत होता आणि काकू मागून सांगत होती, "पोटाची बाजू वर कर. पोटाची." घराची कौले परतलेली नव्हतीच. ओटीवर तीन ठिकाणी गळू लागले तेव्हा पातेली मांडली. गवंडी अर्थातच आला नाही. सिमेंटची पोती पडवीत एका कोपऱ्यात, प्लॅस्टिक पांघरून, एखाद्या न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी बसून होती. जागा मात्र त्यांना चांगली कोरडी मिळालेली.

झाडावरची अर्धी फळे खाली पडून कुजली. चौथ्या पुटावरच्या सालींपैकी, काकूच्या हिशेबाने, निम्म्या वाचल्या. त्यांनाही धुराचा वास लागला. "धुराची सोलं माशांना चालतात," ती म्हणाली. "भाऊंकडे खपतील. तुमच्या पुण्याच्या लोकांना नकोत ती." बिया सगळ्या गेल्या.

हे एका अंगणाचे झाले. भाऊंनी भात धूळवाफेला पेरायचे ठरवले होते. म्हणजे जमीन कोरडी असताना, मातीची धूळ असतानाच, बी टाकून ठेवायचे. मृगाचा पाऊस आला की ते उगवते. तो बेत गेला. राबासाठी रचलेला पालापाचोळा भाजायचा राहिला होता, तो भिजला. आता वाफसा कधी येणार, बी कुठे टाकायचे, उगवून पुढे जूनमध्ये उघडीप पडली तर काय, असे प्रश्न घेऊन ते पडवीत येऊन बसत. "म्हातारा म्हणायचा, मिरगाला पाऊस, रोहिणीला शिडकावा. आता कृत्तिकेलाच ढग फुटला," ते एकदा म्हणाले आणि काकूने दिलेल्या चहात बराच वेळ पाहत राहिले.

नक्षत्रांचे हे वेळापत्रक शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी आहे, आणि माझ्यासारखे लोक त्याच्या म्हणी गोळा करून त्यांवर प्रबंध लिहितात. एका वर्षाच्या पावसाने ते खोटे ठरत नाही. पण आगोट म्हणजे मुळात सवड होती. पाऊस यायच्या आधीचे ते पंधरावीस दिवस होते म्हणून लाकडे आत जात, कौले परतली जात, आठळ्या मातीत घोळून श्रावणासाठी ठेवल्या जात, पडवीला झापांच्या झडी बांधल्या जात. ते दिवसच गेले तर एकट्या म्हाताऱ्या बाईने घर कसे चालवायचे? दादाने हा प्रश्न 27 तारखेच्या रात्री, ओटीवरच्या पातेल्यात टपटप चालू असताना, सरळ विचारला. ठाण्याला चल, म्हणाला. पावसाळ्यापुरती तरी चल.

काकू काही बोलली नाही. तेवढ्यात दिव्याभोवती पाखरे जमू लागली. पहिल्या मोठ्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात आणि ती जमिनीतून शेकड्यांनी बाहेर पडते. घरात दिवा ठेवण्याची सोय राहत नाही. काकूने दिवा मालवला. आम्ही तिघे काळोखात बसलो. अवस नुकतीच होऊन गेली होती, आभाळ ढगांनी भरलेले, आणि गडग्यापलीकडच्या आंब्यावर काजवे होते. एकदोन नव्हेत, सारे झाड उजळत होते आणि विझत होते. बेडकांचा गलका चालला होता. त्या गलक्यात दादा पुन्हा म्हणाला, "आई, काय ते सांग."

"कौलांचे पैसे यंदा तू दे," काकू म्हणाली. "पुढच्या वर्षी सोलं एप्रिलातच काढायला घेईन. लवकरच्या झाडाची."

"आणि उशिराच्या झाडाचं?"

"त्याचं आगळ करायचं. आगळाला ऊन लागत नाही."

दादा हसला की नाही ते काळोखात दिसले नाही. पण 29 तारखेला पावसाने थोडी उसंत दिली, तेव्हा भाऊ आणि त्यांचा मुलगा ओल्या कौलांवर जपून चढले, आणि दादा खाली उभा राहून त्यांना कौले देत होता.

त्या चार दिवसांत अंगण ओळखू येईनासे झाले. सारवणाचा पापुद्रा निघून खालची तांबडी माती उघडी पडली. तिच्यावर प्रथम हिरवी बुरी आली, मग बारीक कोंब. टाकळा उगवला तो नेमका जिथे आदल्या वर्षी भाऊंनी उपटून टाकला होता तिथे. गडग्याच्या दगडांतून नेचे बाहेर पडले. विहिरीतला कोनाडा पुन्हा पाण्याखाली गेला आणि माझी दुसरी बादली परत मिळाली. वृंदावनाभोवती फुले संपली होती. त्यांच्या जागी गुंडाळलेल्या पानांची टोके वर आली होती, विड्या उभ्या कराव्यात तशी. दादाने नारळाची सुंभाची दोरी घेतली, एक टोक वृंदावनाला धरले, आणि जिथपर्यंत टोके दिसत होती तिथपर्यंत फिरून मातीत काडीने गोल काढला. काकूने पायरीवरून पाहिले. "आणखी वीतभर घे," ती म्हणाली. "ते पसरतं."

मी 2 जूनला निघालो. पिशवीत धुराच्या वासाची आमसुले होती. पुण्याच्या लोकांना नकोत म्हणाली तरी शेवटी दिलीच.

गणपतीला, ऑगस्टच्या 27 तारखेला, पुन्हा गेलो. अंगणात गुडघाभर गवत, त्यातून पायवाटेपुरते कापलेले. वृंदावनाभोवती हळदीसारख्या पानांचे रान माजलेले. दादा आणि वहिनी आधीच येऊन पोचली होती, आणि दादा पडवीच्या कोपऱ्यात कपाळाला हात लावून उभा होता. तीन महिन्यांच्या दमट हवेने सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले होते. तेरा होती. उरलेली दोन काकूने भाऊंकडून विहिरीच्या वाटेवर, जिथे फार चिखल होतो तिथे, पायरी म्हणून टाकून घेतली होती. वरचे कापड फाटून गेले होते, पण पोत्याच्या सुरकुत्या आणि तोंडाची शिवण दगडावर जशीच्या तशी उमटलेली होती. मी पाय देऊन पाहिले, हलत नव्हती.

"बाकीची न्हाणीकडे लागतील," काकू म्हणाली. "तू नवी आण. आणि आणायची तर दिवाळीनंतर आण. आगोटीला नको."